एडन मोफॅटसारखं बोलकं गाणं मराठीत लिहायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एडन मोफॅट या स्कॉटिश गायक-गीतकाराची गाणी ऐकून तुम्ही मराठीत तसं काही लिहायला बसलात, पण कागदावर आलेलं सगळं डायरीतल्या नोंदींसारखं वाटतंय. हा माणूस धड गातही नाही, प्रेमाबद्दल काही सुंदर बोलतही नाही, तरी ऐकताना आपण त्याच्या घरात जाऊन बसल्यासारखं का वाटतं, असंही तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत, जरा बिचकतच: जिच्याबद्दल लिहिलंय तिने ते ऐकलं तर?

मला हे तिन्ही प्रश्न एकच वाटतात. तुम्ही सगळा भर खरं बोलण्यावर देताय. खरं तर बोलायलाच हवं, त्यात वाद नाही. पण खरं असलेल्या शंभर गोष्टींतून कोणत्या पाच ठेवायच्या, कुठली आधी सांगायची आणि बोलणाऱ्याने स्वतःला किती सवलत द्यायची, हे ठरवल्याशिवाय त्याचं गाणं होत नाही. मी मराठीत गाणी लिहितो, एका गिटारवाल्या मित्रासोबत छोट्या जागांमध्ये सादर करतो आणि घरच्या स्टुडिओत इतरांचीही रेकॉर्ड करतो. या कामात तुमच्यासारखी अडचण घेऊन येणारे बरेच जण भेटतात. तुमचा आवाज कसा आहे, सोबत वाजवणारं कोणी आहे का, ते नातं अजून चालू आहे की संपलंय, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडेल तिथे तसं सांगत जातो.

मोफॅट फॉलकर्कचा. ग्लासगो आणि एडिनबरा यांच्या मधलं हे गाव. 1995 मध्ये त्याने माल्कम मिडलटनबरोबर अरब स्ट्रॅप हा बँड सुरू केला. शब्द मोफॅटचे, गिटार मिडलटनची, खाली ड्रम मशीन. 1996 मध्ये आलेलं त्यांचं पहिलं सिंगल ‘द फर्स्ट बिग वीकेंड’ तुम्ही ऐकलंच असेल. नसेल तर आधी ते ऐका, कारण तुमच्या डायरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

वरवर पाहता ते गाणं म्हणजे डायरीच. गुरुवारी कुठे प्यायलो, शुक्रवारी कुठे गेलो, शनिवारी फुटबॉलची मॅच (ते युरो 96 चं वर्ष, वेम्बलीवर इंग्लंडने स्कॉटलंडला 2-0 हरवलं तो शनिवार), रविवारी मित्राच्या घरी बिअर आणि टीव्हीवर ‘द सिम्पसन्स’ ही कार्टून मालिका. सांगणाऱ्याचा सूर सपाट, फॉलकर्कच्या बोलीतला, कुठल्याच गोष्टीला दुसरीपेक्षा जास्त महत्त्व न देणारा. मग ही डायरी गाणं कुठे होते? माझ्या मते दोन जागी. एक म्हणजे तो ‘सिम्पसन्स’चा भाग. तो कशाबद्दल होता हे मोफॅट जाता जाता सांगतो: प्रेमाचा शेवट नेहमी वाईटच होतो, अपवाद फक्त मालिकेतल्या मार्ज आणि होमर या नवरा-बायकोचा. एवढं बोलून तो पुढे सरकतो. चार दिवसांच्या दारूत आणि दंग्यात हा मुलगा कशाने पोखरला गेलाय ते त्या एका वाक्यात कळतं, आणि ते तो स्वतःच्या तोंडाने कबूल करत नाही, टीव्हीच्या तोंडी घालतो. दुसरी जागा शेवटची. इतका वेळ बोलणारा माणूस अखेरीस मित्रांबरोबर गायला लागतो. तेवढ्याच ओळी सुरात आहेत. आधीचं सगळं बोलणं सपाट ठेवलं, म्हणून तो सूर लागल्यावर अंगावर येतो.

तुमच्या मसुद्याकडे आता या नजरेने पाहा. ज्या वाक्यात तुमच्या मनातली खरी गोष्ट उघड होते ते वाक्य कुणाच्या तोंडी आहे? ‘मला एकटं वाटत होतं’ असं जर तुम्हीच म्हणत असाल, तर ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही.

आणखी एक गैरसमज तुमच्या प्रश्नातच दिसतो. मोफॅटने सगळे नियम मोडून आकाशातून काहीतरी नवं आणलं असं तुम्ही धरून चाललाय. तसं नाही. स्कॉटलंडच्या लोकगीतांत हा उघडेपणा जुनाच आहे. कवी रॉबर्ट बर्न्स म्हटलं की आपल्याला त्याची लाल गुलाबाची कविता आठवते, पण त्याने गावठी, कामुक गाणीही आवडीने जमवली आणि लिहिली. ती तो गेल्यावर तीन वर्षांनी, 1799 मध्ये, ‘द मेरी म्यूझेस ऑफ कॅलिडोनिया’ या नावाने छापून आली. ईशान्य स्कॉटलंडमध्ये शेतगड्यांची बॉथी बॅलड्स आहेत. हे गडी सहा-सहा महिन्यांच्या करारावर कामाला लागायचे आणि शेतावरच्या खोपटात, म्हणजे बॉथीत, एकत्र राहायचे. त्यांच्या गाण्यांत शेताचं नाव येतं, मालकाचं नाव येतं, जेवण किती वाईट होतं ते येतं, घोडे कसे होते ते येतं. पुढच्या गड्याने तिथे कामाला जावं की नाही, हे त्या गाण्यावरून ठरवता यावं इतकं ते नेमकं. आणि ग्लासगोत जन्मलेला आयव्हर कटलर तर आपल्याकडच्या लोकांनी आवर्जून ऐकावा असा. साध्या पेटीवर दोन-तीन सूर धरून, शाळामास्तराच्या संथ आवाजात (तो खरोखरच शिक्षक होता) लहानपणीच्या काटकसरीच्या आणि विक्षिप्त घराच्या गोष्टी सांगायचा. पेटीवर बोलणं आपल्याला कीर्तनामुळे परकं नाही, म्हणून मोफॅटआधी कटलर ऐकलात तर कान लवकर तयार होईल असं मला वाटतं.

परंपरेशी मोफॅटचं नातं सरळ मात्र नाही. 2014 मध्ये तो जुनी लोकगीतं आजच्या शहरी जगण्याला धरून बदलून घेऊन स्कॉटलंडभर छोट्या सभागृहांत फिरला. त्यावर पॉल फेगनने केलेला माहितीपट 2016 मध्ये आला. त्यात शीला स्ट्युअर्ट भेटतात. ब्लेअरगाउरीच्या स्ट्युअर्ट घराण्यातल्या, भटक्या समाजातल्या मोठ्या गायिका. गाणी त्यांच्याकडे तोंडी, घरातूनच आलेली. मोफॅटने शब्द बदलावेत हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं आणि त्यांनी ते त्याला तोंडावर सांगितलं. 2014 च्याच डिसेंबरमध्ये त्या गेल्या. या वादात मी पूर्णपणे कुणाच्याच बाजूचा नाही, पण शीलाबाईंचं म्हणणं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. गाणं आपल्या आधी कुणाचं तरी होतं आणि ज्याने ते जगून गायलं त्याचं आपण काही देणं लागतो, असा त्यांचा आग्रह होता. तुमच्या गाण्यातलीही एक व्यक्ती त्या आठवणीची तुमच्याइतकीच मालक आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आता रोमँटिक नसण्याबद्दल. इथे बहुतेक जण घसरतात. त्यांना वाटतं, फुलं-चांदणं काढलं आणि शिव्या, घाम, दारू घातली की मोफॅट झाला. अरब स्ट्रॅपचा 1998 चा ‘फिलोफोबिया’ हा अल्बम ऐकून तसं वाटूही शकतं. त्याची पहिलीच ओळ दुसऱ्या एका पुरुषाच्या शरीराबद्दल आहे आणि इथे लिहिण्यासारखी नाही. पण त्या ओळीत धक्का कशाचा आहे ते नीट ऐका. बोलणारा मत्सराने जळतोय आणि त्याचं ते जळणं क्षुद्र आहे. ते क्षुद्र दिसतंय हे त्याला माहीत आहे, तरी तो ते झाकत नाही. ती मुलगी वाईट आहे असं तो आपल्याला पटवत बसत नाही. अश्लीलता बाजूला काढली तरी हे उरतंच, आणि माझ्या लेखी त्याच्या शैलीचा कणा हाच आहे.

म्हणून मसुदा तपासताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: ऐकणाऱ्याने माझी बाजू घ्यावी म्हणून मी कुठली ओळ लिहिली आहे? ती सापडली की काढतो. ‘मी किती वाट पाहिली’, ‘तुला कधी कळलंच नाही’, ‘तरीही मी गप्प राहिलो’ ही सगळी वकिली आहे. डायरीत ती चालते, कारण डायरीत आपण आपल्याच कोर्टात उभे असतो. गाण्यात मात्र समोर तिसरं माणूस बसलेलं असतं.

अरब स्ट्रॅप 2006 मध्ये थांबला, दहा वर्षांनी पुन्हा एकत्र आला आणि 2021 मध्ये ‘ॲज डेज गेट डार्क’ हा अल्बम आला. त्यातलं ‘अनदर क्लॉकवर्क डे’ मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत चांगलं प्रेमगीत वाटतं. विषय असा की मध्यमवयीन पुरुष रात्री एकटा कॉम्प्युटरसमोर बसलाय, बायको झोपली आहे, आणि तो जे बघायला बसलाय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ऐकणारा मनातल्या मनात त्याच्याबद्दल मत बनवून टाकतो. मग गाणं सरकत सरकत जिथे पोचतं तिथे त्या माणसाला इंटरनेटवरचं काही नको असतं. तो जुन्या फोल्डरांत शिरून आपल्याच बायकोचे पूर्वीचे फोटो काढून बसलेला असतो.

यात कुठेही ‘माझं तिच्यावर प्रेम आहे’ असं वाक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. सगळी करामत क्रमाची आहे. हेच फोटो पहिल्या कडव्यात सांगितले असते तर ते गोडगोड झालं असतं. आधी आपल्याला त्या माणसाबद्दल जरा किळस वाटू दिली, म्हणून नंतरची माया खरी वाटते. तरुण मोफॅट धक्का आधी देऊन तिथेच थांबायचा. पन्नाशीकडे आलेला मोफॅट धक्क्याच्या पलीकडे जातो. तुम्ही त्याची फक्त नव्वदच्या दशकातली गाणी ऐकली असतील तर नंतरचीही ऐका. बिल वेल्सबरोबरचा 2011 चा ‘एव्हरीथिंग्ज गेटिंग ओल्डर’ सोडू नका. वेल्स जॅझचा माणूस, त्याचा पियानो मोफॅटच्या बोलण्याभोवती भरपूर जागा सोडतो. या अल्बमला 2012 मध्ये पहिला स्कॉटिश अल्बम ऑफ द इयर पुरस्कार मिळाला.

मराठीत हे कसं आणायचं? उदाहरणासाठी ओळी रचून दाखवतो. समजा नातं संपलंय आणि तुम्ही लिहिलंय:

तुझ्याविना हे घर सुनं सुनं,
भिंतींनाही तुझी आठवण येते.

हे वाईट नाही, पण यातलं काहीच तुमचं नाही. भावगीतांनी आपल्या कानांवर इतके संस्कार केलेत की दुःख म्हटलं की या ओळी आपोआप हाताखाली येतात. आता हे बघा:

गॅसला अजून तुझाच नंबर आहे.
सिलिंडर आला की कोड तुला जातो.
तू दोन मिनिटांत मला पाठवतेस.
सोबत काही लिहीत नाहीस.

आधीच्या ओळींपेक्षा यात घर जास्त रिकामं आहे, आणि तिचा चांगुलपणाही दिसतो, कारण ती कोड लगेच पाठवते. पण इथेच थांबलो तर अजूनही मी बिचारा आणि ती कोरडी, असंच राहतं. म्हणून पाचवी ओळ लागते:

नंबर बदलायला एक अर्ज लागतो. तो मी भरलेला नाही.

आता दोष माझ्याकडे आला आणि का भरला नाही ते मी सांगितलेलं नाही. ते ऐकणाऱ्याला कळतं. शोधताना याच ओळीवर वेळ घालवा. बहुतेक वेळा ती कुठल्यातरी न केलेल्या लहानशा कामात सापडते.

या पाच ओळींत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे भूतकाळात सांगायला लागलं की प्रत्येक ओळ ‘होतं’, ‘गेलो’, ‘होती’वर आपटते आणि ठेक्यावर ते फार कंटाळवाणं होतं. वर्तमानकाळ वापरला, मधूनच एखादं वाक्य अर्धं सोडलं किंवा नामावर संपवलं तर सुटका होते. दुसरं म्हणजे ‘तू’. मोफॅट पुष्कळदा समोरच्या व्यक्तीलाच उद्देशून बोलतो आणि त्यामुळे आपण चोरून ऐकतोय असं वाटतं. मराठीत ‘पाठवतेस’ म्हटलं की समोर बाई आहे हे लगेच ठरतं. तुम्हाला ते उघड करायचं नसेल तर क्रियापद तसं निवडावं लागेल. ‘तू पाठवलंस’मध्ये ते झाकलं जातं. हे आधी ठरवा, कारण अर्धं गाणं झाल्यावर बदलायला गेलं की सगळे काळ बिघडतात.

संगीताबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, आणि मला वाटतं तुमची खरी अडचण तिथेही असावी. नुसते शब्द मोठ्याने वाचलेत तर ते डायरीच वाटणार. मिडलटनची गिटार ऐका: एकेक तार सुटी छेडत जाणारी, तेच तेच वळण घेणारी, हळवी. मोफॅट कितीही कठोर बोलत असला तरी गिटार कठोर होत नाही. जी कोमलता शब्दांतून काढून टाकली ती तिथे ठेवलेली आहे. शब्द कोरडे आणि संगीतही कोरडं ठेवलंत तर ऐकणारा बाहेरच उभा राहील, आणि दोन्ही हळवं केलंत तर तुम्ही पुन्हा भिंतींना आठवण येण्यापाशी याल.

सोबत कोणी वाजवणारं असेल तर त्याला चार-पाच सुरांची एकच फिरती जागा धरायला सांगा आणि तुमच्या शब्दांचा अर्थ वाजवायचा नाही अशी ताकीद द्या. एकटे असाल तर तानपुऱ्याचं ॲप आणि मिनिटाला सत्तर-ऐंशी मात्रांच्या लयीतला साधा ठेका पुरतो. वाक्य समेवर सुरू करू नका. सम मोकळी जाऊ द्या, तिच्यानंतर बोला, आणि महत्त्वाचं वाक्य संपल्यावर एक अख्खं आवर्तन गप्प बसा. नवख्या माणसाला ही शांतता फार लांब वाटते, पण ऐकणाऱ्याला ती पुरत नाही.

रेकॉर्ड करताना माइक तोंडापासून चार बोटांवर घ्या, पण किंचित तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फुंकर मारल्यासारखे आवाज थेट आत जाणार नाहीत. साध्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, माइकला इतकं जवळून बोललं की आवाजातला खर्ज वाढतो आणि हळू बोललेलंही भरीव येतं. रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमल्याचा परिणाम, लावू नका. सभागृहाचा भास झाला की खोलीतला माणूस गायब होतो. आणि निवेदकासारखं बोलू नका. पुण्यात वाढला असाल तर पुण्याचं, नगरचे असाल तर नगरचं, घरात बोलता ते. फॉलकर्कची बोली पुसली असती तर मोफॅटचं निम्मं गाणं तिथेच गेलं असतं.

राहिला तिचा प्रश्न. इथे नातं चालू आहे की संपलंय याने खरोखर फरक पडतो. चालू असेल तर रेकॉर्ड करण्याआधी तिला ऐकवा, नुसतं वाचायला देऊ नका, कारण कागदावर जे दुखतं ते आवाजात कधी कधी दुखत नाही, आणि उलटही होतं. संपलं असेल आणि बोलणं होत असेल तरी ऐकवाच. बोलणं होत नसेल तर गाव, नोकरी, वर्ष, भावंडं असं ओळख पटवणारं सगळं बदला. भावना बदलू नका. मी स्वतः एक नियम पाळतो: माझ्याबद्दलचं कितीही लाजिरवाणं चालेल, पण तिने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट गाण्यात येणार नाही. ती तिची आहे.

कल्पित पात्रं घेणं हाही मार्ग आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. गिटारवादक आर. एम. हबर्टबरोबरच्या 2018 च्या ‘हिअर लाइज द बॉडी’ या अल्बममध्ये मोफॅटने वर्षांनंतर पुन्हा भेटलेल्या दोन जुन्या प्रेमिकांची गोष्ट सांगितली आहे, आणि बाईची बाजू शिवॉन विल्सनने गायली आहे. ते ऐकल्यावर मला जाणवलं की दुसऱ्या बाजूला स्वतःचा आवाज मिळाला की पुरुषाच्या कथनातली वकिली आपोआप उघडी पडते. तुमच्या मसुद्यावर हा प्रयोग करून बघा. तुमचं गाणं बाजूला ठेवा आणि त्याच संध्याकाळबद्दल, त्याच लयीत, तिच्या तोंडी आठ ओळी लिहा. त्या गाण्यात घ्यायच्याच असं नाही. पण त्या लिहून परत स्वतःच्या ओळींकडे आलात की कुठल्या कापायच्या ते मला विचारावं लागणार नाही.

मसुदा इथे टाकणार असाल तर सोबत फोनवर रेकॉर्ड केलेलं वाचनही टाका. नुसत्या शब्दांवरून मला फार काही सांगता येणार नाही.